उताऱ्यापासून लिफ्टपर्यंत: बेळगावात उंच इमारतीतला फ्लॅट घेताना

पुण्यातला मेव्हणा फोनवर सांगतो, "सोसायटी रजिस्टर झालीय का बघ, शेअर सर्टिफिकेट माग, इंडेक्स टू काढून ठेव." मेव्हण्याचं काही चुकत नाही, तो महाराष्ट्रात राहतो. बेळगाव, खानापूर, निपाणीत फ्लॅट घेणाऱ्याच्या हाती मात्र यातला एकही कागद सहसा पडत नाही. इथे जमीन कर्नाटकाच्या महसूल कायद्यात, फ्लॅट १९७२ च्या कर्नाटक अपार्टमेंट मालकी कायद्यात आणि दस्तनोंदणी 'कावेरी' या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर. घरात आपण मराठी बोलत असलो तरी कागद कानडी किंवा इंग्रजी असतो, आणि कोर्टात तोच चालतो.

शिवाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक गुंठा-दोन गुंठे घेऊन स्वतःचं घर बांधत आले. त्यामुळे टॉवर म्हणजे नुसतं उंचावर नेऊन ठेवलेलं घर, असा समज होतो. खरेदीपत्र वाचलं की वेगळंच दिसतं. तुम्ही घेता तो जमिनीतला एक न वाटलेला हिस्सा आणि लिफ्ट, पंप, टाक्या, जनरेटर यांच्या खर्चातली कायमची भागी. सॅम्पल फ्लॅटमधलं किचन शेवटी बघावं. आधी जमीन, मग यंत्रं, मग घर.

इमारत नेमकी कोणाच्या हद्दीत

"बेळगाव शहरात" असं जाहिरातीत लिहिलेलं असतं, पण शहर म्हणजे चार वेगवेगळे कारभार. टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ हा महानगरपालिकेचा भाग. तिथे लेआउट आणि जमिनीचा वापर बुडाकडे (बेळगाव नगरविकास प्राधिकरण), बांधकाम परवाना महानगरपालिकेकडे. कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्डाचे नियम, आणि तिथल्या बऱ्याच जमिनींची मूळ मालकी संरक्षण खात्याची. शहराबाहेर पडलात की ग्रामपंचायत लागते.

हे आधी ठरवायचं, कारण त्यावर कागदाचं नाव ठरतं. महानगरपालिका हद्दीत ई-खाते, म्हणजे पालिकेच्या मिळकत नोंदीचा ऑनलाइन उतारा, हवं. २०२४ पासून त्याशिवाय खरेदीपत्राची नोंदणी होत नाही. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तु या पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत प्रणालीतले नमुना ९ आणि नमुना ११ लागतात. एखादा विक्रेता "ग्रामपंचायतीचा उतारा आहे, बाकी सगळं ओके" असं म्हणाला, तर बहुमजली इमारतीचा आराखडा नक्की कोणी मंजूर केला, हा प्रश्न तिथेच विचारा. पंचायतीच्या कागदावर दहा मजले उभे राहत असतील तर मी त्या व्यवहारात पुढे जाणार नाही.

उंचीचा आणखी एक कागद आहे, तो सहसा कोणी मागत नाही. सांबऱ्याचं विमानतळ जवळ असल्यानं उंच इमारतींसाठी विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत लागते. त्यात परवानगी दिलेली असते ती समुद्रसपाटीपासून मोजलेल्या माथ्याच्या उंचीत. बेळगावची जमीनच साधारण ७५० मीटरवर आहे. म्हणून तो आकडा बघून दचकू नका. त्यातून त्या प्लॉटची जमिनीची उंची वजा करा, उरेल ती इमारतीची उंची. पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली धरून ती जुळली पाहिजे.

जमिनीची कुळकथा

इथे घाई करू नका. टॉवर नवा असतो, पण त्याच्या खालचं शिवार जुनं असतं.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. त्यामुळे जुने फेरफार, वाटणीपत्रं मराठीत सापडतात, त्याआधीची काही मोडीत. नंतरचं सगळं कानडीत. हा धागा मधे कुठे तुटला नाही ना, हे बघायला असा वकील हवा ज्याला दोन्हीकडचं वाचता येतं. बेळगावात असे वकील आहेत. बिल्डरनं सुचवलेला सोडून दुसरा गाठा. निदान मागच्या ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट लेखी घ्या.

विकणाऱ्याकडे काय मागायचं? जमिनीचा आरटीसी, म्हणजे आपला उतारा. त्यातला ९ नंबरचा रकाना मालकाचा, ११ नंबरचा इतर हक्क आणि बोजा यांचा, १२ नंबरचा कसणाऱ्याचा. लोक ९ वा रकाना बघून थांबतात, आणि भानगड निघते ती ११ व्यात. मग शेतीची जमीन बिगरशेती केल्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, ज्याला आपण सरळ एनए म्हणतो. शहरातली मिळकत असेल तर सिटी सर्वेचा उतारा आणि सीटीएस नंबर. आणि ईसी, म्हणजे मिळकतीवरचे नोंदलेले व्यवहार आणि बोजे दाखवणारं एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट. ईसीवर व्यवहारांची यादी आली तर तो नमुना १५, त्या काळात काहीच नोंद नसेल तर नमुना १६. जमीन बिल्डरनं घेतलेली असताना नमुना १६ हातात ठेवला जात असेल, तर सर्वे नंबर किंवा हिस्सा चुकीचा टाकून शोध घेतलेला असण्याची शक्यता मोठी.

कानडी वाचता येत नसलं तरी ईसीत दोन-चार शब्द ओळखता आले पाहिजेत. क्रयपत्र म्हणजे खरेदीपत्र, अडमान म्हणजे गहाण, विभागपत्र म्हणजे वाटणी, हक्कु बिडुगडे म्हणजे हक्कसोड. 'अडमान' दिसलं की बँकेचं नाव आणि रक्कम विचारा. प्रकल्पासाठी कर्ज काढणं गैर नाही, पण तुमच्या फ्लॅटपुरती त्या बँकेची लेखी ना-हरकत मिळाल्याशिवाय मोठा हप्ता देऊ नये.

आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण बहिणींच्या सह्यांची. एकत्र कुटुंबाची जमीन, भावांनी मिळून विकसनाला दिली, बहिणी सासरी. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली रीतसर वाटणी मात्र त्यातून सुटते. तेव्हा वंशावळ मागा आणि प्रत्येक बहिणीची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोड कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. "त्यांचं काही नाही हो, घरचीच माणसं आहेत" हे उत्तर पुरेसं नाही. दावा पडतो तो घरच्याच माणसांचा.

बहुतेक टॉवर आता भागीदारीत उभे राहतात: शेतकरी जमीन देतो, बिल्डर बांधतो, फ्लॅट ठरल्या प्रमाणात वाटून घेतात. तुम्हाला दाखवलेला फ्लॅट जमीनमालकाच्या वाट्याचा आहे की बिल्डरच्या, हे वाटपाच्या करारात तपासा आणि खरेदीपत्रावर दोघांच्याही सह्या येतील याची खात्री करा. बिल्डर मुखत्यारपत्रावर सही करत असेल तर ते नोंदणीकृत आहे ना, आणि ते देणारा हयात आहे ना, हेही.

शहराभोवतीच्या जमिनींसाठी आणखी एक चौकशी: हलगा-मच्छे बायपास आणि प्रस्तावित रिंगरोड यांच्या भूसंपादनात तो सर्वे नंबर येतो का. नकाशात रस्ता शेजारून जाणं आणि प्लॉटमधून जाणं यात तुमच्या आयुष्याची कमाई अडकलेली असते.

रेरा: दहा मिनिटांचं काम

५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅटचा प्रकल्प रेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे, नोंदवलाच पाहिजे. खानापूर-निपाणीतल्या छोट्या अपार्टमेंट कधी कधी दोन्ही मर्यादांच्या आत बसतात आणि सुटतात. टॉवर सुटू शकत नाही. कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर आराखडा, पूर्ण करण्याची तारीख, तिमाही प्रगती आणि प्रकल्पावरच्या तक्रारी दिसतात. ब्रोशरमधले मजले आणि मंजूर आराखड्यातले मजले मोजून बघा. 'वरचे दोन मजले नंतर सँक्शन होतील' असं ऐकलंत, तर लक्षात ठेवा: मंजूर आराखड्यात मोठा बदल करायला दोन-तृतीयांश ग्राहकांची आधी लेखी संमती लागते.

दोन कलमं तोंडपाठ असावीत. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात, म्हणजे तुमचा चेक रेरात नोंदवलेल्या प्रकल्पाच्या खात्यावरच निघाला पाहिजे. रोख मागणाऱ्याला या दोन्ही कलमांची आठवण करून द्या. बोलणं लवकर संपतं.

क्षेत्रफळाचा हिशेब

दर सांगतात सुपर बिल्ट-अपवर, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामायिक जागांचा वाटा धरून. राहता तुम्ही कार्पेटमध्ये, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेत. समजा फ्लॅट १,५०० चौरस फूट सुपर बिल्ट-अप, किंमत ७५ लाख. दर झाला ५,०००. कार्पेट निघालं १,०८० तर खरा दर ६,९४४. दुसऱ्या इमारतीत ५,४०० दर सांगून कार्पेट जास्त देत असतील, तर तीच स्वस्त पडू शकते. रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाही. ताब्याच्या दिवशी टेप घेऊन जायचं आणि मोजायचं, लाजायचं नाही.

जमिनीतल्या हिश्शाकडे आपल्याकडे कोणीच बघत नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एक एकरावर, म्हणजे ४० गुंठे किंवा ४३,५६० चौरस फुटांवर, सारखे १२० फ्लॅट असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ३६३ चौरस फूट जमीन. २० गुंठ्यांवर २४ फ्लॅटची चार मजली अपार्टमेंट असेल तर ९०७ फूट. चाळीस वर्षांनी इमारत पाडायची वेळ आली की किंमत या जमिनीची येणार. टॉवर घेऊ नका असं नाही. पण खरेदीपत्राच्या परिशिष्टात तो हिस्सा आकड्यात लिहिलेला असावा आणि सगळ्या फ्लॅटचे हिस्से मिळून शंभर टक्के भरावेत. क्लबहाउस किंवा 'पुढच्या टप्प्यासाठी' जमीन बाजूला काढून ठेवलेली असेल तर ती इथेच उघड होते.

पार्किंगबद्दल: उघड्यावरची पार्किंग रेराच्या व्याख्येनुसार सामायिक जागा आहे, ती वेगळी विकता येत नाही. झाकलेल्या पार्किंगचा नंबर मात्र करारात आणि नकाशावर लिहून घ्या. 'एक पार्किंग' एवढंच लिहिलेलं असेल तर ती दुचाकीचीही निघू शकते.

पावसाळ्यात जाऊन बघा

फ्लॅट दाखवायला लोक दिवाळीनंतर नेतात, त्या वेळी हवा छान असते, सह्याद्रीकडची रांग दिसते. तुम्ही जुलैत जा. बेळगावचा पाऊस नैऋत्येकडून झोडपतो आणि दहाव्या मजल्यावर तो आडवा येतो. पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंतींना आतून हात लावून बघा, सरकत्या खिडक्यांच्या खाचेत पाणी साचतं का बघा, सगळ्यात वरच्या मजल्याचं छत बघा. युटिलिटी बाल्कनी झाकलेली आणि हवेशीर आहे का? जून ते ऑगस्ट कपडे वाळत नाहीत हे बेळगावकराला सांगायला नको, पण बेंगळुरूत बसून आराखडा काढणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

खाली उतरून रस्ता बघा. अनगोळ, वडगाव, शहापूर, येळ्ळूर या बाजूला बळ्ळारी नाला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शहराची जी दैना झाली ती आठवणारे लोक प्रत्येक गल्लीत भेटतील. त्या वेळी या प्लॉटवर किती पाणी होतं, हे शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा. बेसमेंट पार्किंग असेल तर पाणी उपसायचे पंप किती, आणि वीज गेल्यावर ते जनरेटरवर चालतात का. भाताच्या शिवारात भर घालून उभ्या केलेल्या इमारतीचा माती परीक्षण अहवाल मागा: खाली काळी माती आहे की जांभा, पाया कोणत्या थरावर टेकवलाय, पाइल की राफ्ट. २०१६ च्या आयएस १८९३ मानकात बेळगाव भूकंप क्षेत्र ३ मध्ये आहे. स्ट्रक्चरल नकाशावर तसं लिहिलेलं असतं. या कागदांसाठी ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअरला एक दुपार सोबत न्या आणि त्याची फी द्या.

आता पाणी. शहराला राकसकोप आणि हिडकलहून पाणी येतं, आणि मे महिन्यात दोन्हीकडच्या पातळीच्या बातम्या आपण रोज वाचतो. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले आणि ८० फ्लॅटमध्ये चार-चार माणसं, तर रोजचे ४३,२०० लिटर लागतात. १२,००० लिटरचे जवळपास चार टँकर. बिल्डरला विचारा: महानगरपालिकेची जोडणी मंजूर आहे की फक्त अर्ज केलाय? बोअर किती, उन्हाळ्यात किती तास चालते? खालची टाकी किती दिवसांची? 'चोवीस तास पाणी' हे शब्द करारात कुठे आहेत ते दाखवायला सांगितलं की उत्तर समजतं.

पाण्याचा दाबही बघावा. साधारण दर १० मीटर उंचीला एक बार दाब वाढतो. बारा मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून सरळ पाइप खाली आणला तर खालच्या मजल्यांवर साडेतीन बार दाब येतो आणि नळ, फ्लश, गीझरचे सांधे गळायला लागतात. वरच्या मजल्यावर मात्र शॉवरला धार नसते. उपाय सोपा आहे, मधे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह आणि वरच्या दोन-तीन मजल्यांसाठी वेगळा बूस्टर पंप. ते बसवलेत का, एवढंच विचारायचं.

आग. राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटर आणि त्याहून उंच इमारतीला उंच इमारत मानते, म्हणजे साधारण पाच मजल्यांपासून पुढे. इमारत बरीच उंच असेल तर आगीच्या वेळी आसऱ्यासाठी राखीव मोकळी जागाही लागते. अग्निशमन खात्याची ना-हरकत आणि नंतरचं अंतिम प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला आराखड्यावर मिळतो, दुसरा तयार इमारत बघून. राहत्या टॉवरमध्ये गेलात तर दोन्ही जिने शेवटपर्यंत चालून बघा. जिन्यात सायकली आणि जुनी कपाटं ठेवलेली असतील, आसऱ्याच्या जागेत कोणी कुंड्या मांडल्या असतील, तर तिथल्या लोकांचा कारभार समजला. फायर पंप शेवटचा कधी चालवला, असं वॉचमनला सहज विचारा. आणि तुमच्या मजल्यापर्यंत अग्निशमन दलाची शिडी पोहोचते का, ही चौकशी फायर स्टेशनात जाऊन करा.

लिफ्टला विद्युत निरीक्षणालयाचं लायसन्स लागतं. टॉवरला किमान दोन लिफ्ट आणि त्यातली एक स्ट्रेचर मावेल अशी असावी. घरात म्हातारं माणूस असेल तर हा मुद्दा स्विमिंग पूलच्या शंभर पावलं पुढे.

दर महिन्याला किती

इथे लोक फसत नाहीत, विचारायचंच विसरतात. एक उदाहरण मांडू, आकडे समजण्यापुरते. ८० फ्लॅट, प्रत्येक पाळीला दोन वॉचमन, तीन पाळ्या, सुट्टीसाठी एक जादा: सात माणसं. प्रत्येकी १८,००० धरले तर १ लाख २६ हजार, म्हणजे फ्लॅटमागे १,५७५ फक्त पहाऱ्याचे. लिफ्टची देखभाल, सामायिक वीज, जनरेटरचं डिझेल, सांडपाणी प्रकल्प, झाडलोट अजून यायचीच आहे.

आता बेळगावची खास गोष्ट. इथले बरेच फ्लॅट गोवा, पुणे, बेंगळुरू किंवा आखातात नोकरी करणाऱ्यांनी गुंतवणूक म्हणून घेतलेले असतात. अर्धे मालक पैसे देईनासे झाले तर तोच १,५७५ चा आकडा ३,१५० होतो. म्हणून संध्याकाळी साडेसातला इमारतीसमोर उभं राहून किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजा. न विकलेल्या फ्लॅटचा मेंटेनन्स बिल्डर भरतो का, हे लेखी घ्या. दोन वर्षांचा मेंटेनन्स आणि कॉर्पस, म्हणजे मोठ्या खर्चासाठीचा राखीव निधी, आगाऊ घेत असतील, तर ते पैसे कोणत्या खात्यात राहणार आणि असोसिएशनकडे हिशेबासकट कधी येणार, हेही करारात.

पैसे आणि नोंदणी

मुद्रांक शुल्क व्यवहाराच्या किमतीवर किंवा सरकारी मार्गदर्शक मूल्यावर, जे जास्त असेल त्यावर. ४५ लाखांच्या वर ५ टक्के. पहिल्यांदाच विकल्या जाणाऱ्या फ्लॅटला ४५ लाखांपर्यंत ३ टक्के, २० लाखांपर्यंत २. या शुल्कावर १० टक्के उपकर, आणि शहरात २ टक्के, ग्रामीण भागात ३ टक्के अधिभार. नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ टक्क्यावरून २ टक्के झालं. जुने लेख वाचून बजेट केलेल्यांची इथे चूक होते.

६० लाखांचा फ्लॅट घेतलात तर मुद्रांक ३ लाख, उपकर ३० हजार, अधिभार ६ हजार, नोंदणी १ लाख २० हजार: एकूण ४ लाख ५६ हजार. पहिल्या विक्रीचा ४० लाखांचा असेल तर १ लाख २० हजार, त्यावर १४,४००, आणि नोंदणीचे ८० हजार: एकूण २ लाख १४ हजार ४००.

बांधकाम चालू असताना घेतलात तर ५ टक्के जीएसटी. किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का. मोठ्या महानगरांत ही मर्यादा ६० मीटर आहे, बेळगावला ९० लागू. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. वरच्या ६० लाखांच्या फ्लॅटवर हा फरक ३ लाखांचा. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी विकत घेणाऱ्याची, म्हणजे तुमची.

बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद स्वच्छ, असं मानू नका. बँक स्वतःच्या पैशापुरतं बघते. सौहार्द सहकारी पतसोसायटीचं कर्ज पटकन मिळतं, पण वीस वर्षांच्या हप्त्यात अर्धा टक्का व्याजही किती होतं ते मांडून बघा.

सब-रजिस्ट्रार ऑफिसात जायच्या आधी मसुदा घरी आणा, आणि कानडीत असेल तर कोणाकडून तरी ओळीन्‌ओळ मराठीत वाचून घ्या. नावं तपासा. चौगुले, पाटील, कुलकर्णी ही नावं कानडी आणि इंग्रजीत तीन प्रकारे लिहिली जातात. आधार, पॅन आणि खरेदीपत्र यांत एकच रूप हवं. नंतरचा दुरुस्तीपत्राचा खर्च आणि हेलपाटे वाचतात.

ओसीशिवाय किल्ली घेऊ नका

१७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भोगवटा प्रमाणपत्राशिवाय (हीच ओसी) वीज-पाण्याच्या जोडण्या देऊ नयेत. त्यानंतर कर्नाटकातल्या वीज कंपन्यांनी ओसी नसलेल्या इमारतींना कायम जोडणी देणं थांबवलं. छोट्या घरांना पुढे सवलतीचा विचार झाला. टॉवरनं त्या आशेवर राहू नये. हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, तात्पुरतं, बांधकामाचं मीटर दाखवून 'लाइट आहे की' म्हणणाऱ्याकडे कायम जोडणीचं पत्र मागा. २०,००० चौरस मीटरहून जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरीचाही कागद हवा.

गृहप्रवेशाचा मुहूर्त ठरलाय म्हणून अर्धवट इमारतीत जाणारी कुटुंबं दिसतात. वास्तुशांती करायला हरकत नाही, पण ताब्याच्या पावतीवर सही केलीत की उशिराची भरपाई मागणं अवघड होतं. उशीर झाला तर रेराखाली स्टेट बँकेच्या कर्जदरापेक्षा २ टक्के जास्त दरानं व्याज मागता येतं, किंवा पैसे परत घेऊन बाहेर पडता येतं.

असोसिएशन

इथे सोसायटीऐवजी अपार्टमेंट मालकी कायद्याखालची असोसिएशन असते. तिचा पाया डीड ऑफ डिक्लरेशन: इमारतीचं वर्णन, सामायिक जागा, प्रत्येकाचा टक्का आणि उपविधी. प्रत्येक मालकानं नमुना बी भरून त्यात सामील व्हायचं असतं. खर्च आणि मत दोन्ही त्या टक्क्यावर ठरू शकतात, म्हणून मोठ्या आणि छोट्या फ्लॅटवाल्यांची पहिली भांडणं याच कागदावरून होतात. खरेदीआधी त्याचा मसुदा मागा. नुसत्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली मंडळ नोंदवून 'असोसिएशन झाली' म्हणणं वेगळं. गणपती बसवायला ते पुरेल, सामायिक जागेवरचा हक्क सांगायला पुरत नाही.

रेरानुसार निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत असोसिएशन उभी करायला हवी. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर दहा-बारा मालकांनी मिळून लेखी मागणी करावी. सभेचं इतिवृत्त कानडी, मराठी, इंग्रजी कशातही लिहा, पण हिशेब एकाच वहीत ठेवा. कारभार हातात घेताना मंजूर आराखडे, लिफ्टचं लायसन्स, फायरचं प्रमाणपत्र, पंप-जनरेटरची वॉरंटी, प्लंबिंगचे नकाशे आणि कॉर्पसचं बँक स्टेटमेंट यांची यादी करून सही घ्यावी. प्लंबिंगचा नकाशा मिळाला नाही तर पहिल्या गळतीलाच तीन घरांच्या भिंती फोडाव्या लागतात.

ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सेवांमध्ये दोष निघाला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पहिल्या पावसाळ्यातच ओल आलेल्या प्रत्येक भिंतीचा तारखेसह फोटो काढा, सगळ्या मालकांच्या तक्रारी एकत्र करून असोसिएशनच्या नावानं रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पोच जपून ठेवा. वॉचमनच्या वहीत लिहिलेली तक्रार रेरात दाखवता येत नाही. पोस्टाची पोच दाखवता येते.